एक वाजताचं नाटक

ज्या गोष्टीत मेलेला माणूस परत येत नाही, ती गोष्ट मला पुरी झाल्यासारखी वाटत नाही. हे माझं ठाम मत आहे आणि या वयात ते बदलायची माझी तयारी नाही. परवा नात फोनवर कुठल्याशा सिनेमाला चांदण्या देत बसली होती. तीन दिल्या. मी विचारलं, "शेवटी कुणी परत येतं का?"

"नाही गं आजी. तो मरतो. दॅट्स द पॉइंट!"

"मग तीन फार झाल्या. दोन काढून घे."

तिला वाटतं आजी चेष्टा करते. आजी चेष्टा करतेच, पण हे मत चेष्टेचं नाही. आजीने पुण्याहून मराठी साहित्यात एम. ए. केलं आहे. मात्र गोष्ट म्हणजे काय हे तिथे कळलं नाही, ते कळलं टेक्ससमध्ये, इस्त्रीच्या टेबलाशी.

ऐंशीच्या दशकात मी शुगर लँडला राहायला आले तेव्हा माझ्या एका बॅगेत पुस्तकं होती आणि दुसरीतही पुस्तकंच होती. साड्या यांच्या बॅगेत कोंबल्या होत्या. त्या वेळची मी डोळ्यांपुढे आले की मला स्वतःच्याच डोक्यात एक टपली मारावीशी वाटते. केस घट्ट बांधलेले, कपाळाला कायमची आठी, आणि मतं तर विचारूच नका. ज्या कादंबरीच्या शेवटी कुणी हसतं ती दुय्यम. नायिका खिडकीतून बाहेर बघत बसली तर उत्तम. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीच नसेल तर अत्युत्तम. नाटकात पात्रं एकमेकांशी बोलत नसतील तर मी कौतुकाने मान डोलवायची. नुसतं कुणी "काल टीव्हीवर एक छान..." एवढं म्हणायचा अवकाश, बाईसाहेब हात वर करून म्हणणार, "आम्ही नाही हो टीव्ही बघत."

आम्ही म्हणजे कोण, देव जाणे. आमचे हे तर दर रविवारी सोफ्यावर आडवे होऊन अमेरिकन फुटबॉल बघायचे, एकही नियम कळत नसताना.

हे तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. सकाळी गाडी घेऊन जायचे, ती गाडी मला संध्याकाळीच दिसायची. मुलगी नऊ वर्षांची, पिवळ्या बसने शाळेत. मागे मी, घर आणि एअर कंडिशनरची घरघर. उन्हाळ्यात दार उघडलं की कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर यायची. पायी जावं तर फूटपाथ नाही, आणि फूटपाथ असता तरी तो जिथे जाईल असं ठिकाण नाही. दिवाळी अंक बोटीने यायचे ते होळीच्या सुमाराला पोचायचे. ते आठवडाभरात वाचून फस्त. मग लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं. त्यांतल्या प्रेमकथांत पहिल्या पानावर नायकाच्या हनुवटीचं वर्णन यायचं आणि दहाव्या पानापर्यंत ती हनुवटी संपायची नाही. गुप्तहेराच्या कादंबऱ्या बऱ्या, पण मी शेवटचं पान आधी वाचते. खून कुणी केला हे माहीत असलं की बाकीचं पुस्तक निवांत वाचता येतं. हे माझं अजूनही मत आहे.

तर एका दुपारी इस्त्री करताना घरात माणसाचा आवाज असावा म्हणून मी टीव्ही लावला. एक वाजला होता. एक मालिका सुरू झाली.

समुद्राकाठचं गाव. एक बडं घराणं, त्यांच्या मालकीचं हॉस्पिटल. थोरल्या मुलाची बायको बोटीच्या अपघातात वाहून गेलेली. त्याने दुसरं लग्न केलेलं, ती दुसरी चांगलीच पोचलेली. आणि त्या दिवशी हॉस्पिटलात एक नवी नर्स कामाला लागते. चेहरा वेगळा, मागचं काही आठवत नाही. ती हात धुवायला बाही वर करते, मनगटावर एक व्रण दिसतो, आणि दारात उभ्या असलेल्या सासूच्या हातातला कप खाली पडतो. संपलं. उद्या.

यांच्या शर्टाला माझ्या इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला. मी म्हटलं, छे, किती भडक, किती उथळ. आणि दुसऱ्या दिवशी पावणेएकलाच इस्त्रीचं टेबल मांडलं. इस्त्री करायला काही उरलं नव्हतं, तेव्हा टॉवेल घेतले. पुढे पुढे मी पायपुसण्यांनाही इस्त्री करायला लागले. मांडीवर एक जाड समीक्षाग्रंथ उघडा ठेवायची, कुणी दाराशी आलंच तर. कोण येणार होतं दुपारी एकला शुगर लँडमध्ये? पण मान राखायचा असतो ना, निदान स्वतःचा.

तेव्हाच मुलीसाठी यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्यावरही मी जाहीर मत दिलं, "यंत्राशी कसलं खेळायचं? माणसांशी खेळा." दुपारी मालिका संपली की मी तो गेम खेळायची. एक चौकोनी माणूस भुयारातून उड्या मारत जातो आणि वरून खेकडे पडतात, एवढंच कथानक. संगीत भिकार. पण त्या माणसाला तीन जीव असायचे. खेकडा पडला की तो मरायचा, टुणकन परत उभा राहायचा, आणि तोंडावर जराही दुःख नाही. इतका समंजस नायक मला मराठी कादंबरीत भेटला नव्हता.

हे सगळं गुपचूप. बाहेर मी तीच, कपाळाला आठी घालून.

आता खरी गोष्ट. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आसपासची मराठी माणसं कुणाच्या तरी घरी जमायचो. कुणी तासभर गाडी चालवत यायचं. गालिच्यावर चादरी अंथरायच्या, दाराशी चपलांचा डोंगर, आणि टेबलावर सावर क्रीमचं श्रीखंड नाहीतर पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम. आधी कुणी गाणं म्हणायचं, कुणी कविता, कुणी गावाकडचा किस्सा. हळूहळू ते आटलं आणि मुलं वरच्या खोलीत गेम खेळायला पळायला लागली. मग मंडळाच्या अध्यक्ष वहिनींनी एक सूचना आणली. या वहिनी मूळच्या नागपूरच्या, आवाज खणखणीत, कामाला वाघ. सूचना अशी की यापुढे दर महिन्याच्या त्या शनिवारी इंडियन ग्रोसरीवाल्याकडून हिंदी सिनेमाची कॅसेट आणायची आणि सगळ्यांनी मिळून बघायची.

त्या कॅसेटींबद्दलही सांगते. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे, जांभळट. नायिका आईच्या प्रेताशी रडत असताना खालून साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत जायची. नाच चांगले असायचे, हे मान्य. पण माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता, आणि ते एकच कारण त्या काळातल्या माझ्या सगळ्या मतांमध्ये खरं होतं. माझी मुलगी मला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली होती. मी म्हणायची, "जेवायला चल," ती म्हणायची, "इन अ मिनिट." मी म्हणायची, "आज शाळेत काय झालं?" ती म्हणायची, "नथिंग." महिन्यातून एक संध्याकाळ तिच्या कानावर घराबाहेरचं मराठी पडायचं. तीही हिंदी सिनेमाला दिली की संपलंच.

हे मी असं साधं बोलले असते तर सगळ्यांना पटलं असतं. पण साधं बोलेल ती मी कसली! मी उभी राहून अभिरुचीवर भाषण केलं. टीव्ही, सिनेमा, गेम या सगळ्यांचा समाचार घेतला. "आपल्याकडे रंगभूमीची एवढी मोठी परंपरा असताना..." इथपर्यंत आले तेव्हा वहिनींनी हात जोडले.

"अगं बाप्पा! ताई, परंपरा आहे ते खरं, पण पोरं बसली तर पाहिजेत! तुमच्या परंपरेत एक तरी गाणं असते का?"

"मुलं बसतील. मी पुढच्या महिन्याच्या शनिवारी आमच्या घरी मराठी नाटक दाखवते. पुण्याहून कॅसेट मागवते. एकही मूल उठून गेलं तर खुशाल हिंदी सिनेमे लावा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तुम्ही? तोंड उघडणार नाही?" वहिनी म्हणाल्या. "मग तर आम्ही वाटच पाहतो."

सगळे हसले. हेही हसले, ते मी लक्षात ठेवलं.

पुण्याला भावाला फोन केला. त्याने टीव्हीवर लागलेलं एक नाटक रेकॉर्ड करून ह्यूस्टनला येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवलं. फोनवर म्हणाला, "फार गंभीर आहे. एक म्हातारा बाप खुर्चीत बसलेला असतो. तुला नक्की आवडेल, मला झोप लागली." मी हरखून गेले. कॅसेट आली तेव्हा हे म्हणाले, "एकदा लावून बघू का? चालते की नाही ते तरी कळेल."

यावर त्या काळी मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "पडदा वर जायच्या आधी नाटक बघत नाहीत."

आणि ती कॅसेट देवघरात ठेवली. तिला हळदकुंकू लावलं. वर एक फूल ठेवलं. यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि आपली कॉफी घेऊन परसात गेले.

शनिवारी दुपारी चारला घर भरलं. चादरी, चपला, मसाल्याच्या चहाचा वास. मुलांना वरून गेमपासून ओढून आणलं, ती तुरुंगात आणल्यासारखे चेहरे करून पुढे बसली. माझी मुलगी सगळ्यांत मागे, जिन्याच्या पायरीवर. वहिनी मोठी पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या मधोमध. मी छोटंसं प्रास्ताविक केलं. छोटंसं म्हणजे चहा गार होईपर्यंत. मग कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं.

पडद्यावर काळेपांढरे पट्टे खालून वर धावायला लागले. मधूनच अर्धी खुर्ची दिसायची, तिच्यावर अर्धा बाप. आणि तो बाप बोलायला लागला तो चिमणीच्या आवाजात. चिवचिवचिव, थोडं थांबून परत चिवचिव. दुसरं पात्र आलं, तेही चिमणी. जन्माचं दुःख चाललं असावं, कारण चिवचिवाट फार भरभर होत होता.

मुलं लोळून हसायला लागली. मराठी रंगभूमीला त्या घरात मिळालेली ती पहिली दाद.

हे उठले, मागच्या वायरी हलवल्या, व्हीसीआरवर दोन थापट्या मारल्या. तेव्हा कोपऱ्यातले एक काका, शांत स्वभावाचे, घसा खाकरून म्हणाले, "नाही चालणार ती. तिकडची सिस्टिम वेगळी, इकडची वेगळी. कॅसेट दिसायला सारखीच असते, आत बसतेसुद्धा."

"तुम्हांला काय माहीत?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"तुझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट आली होती ना. ती हरवली नव्हती. मी लावून बघितली होती."

त्या घरातलं भांडण तिथेच सुरू झालं असतं, पण तेवढ्यात वहिनींची पर्स उघडल्याचा आवाज आला. आत हिंदी सिनेमाची कॅसेट होती.

"असू द्या हो ताई," वहिनी अगदी मायेने म्हणाल्या. "वेळप्रसंगाला असावी म्हणून आणून ठेवली होती मी एक."

मला अजून आठवतं, त्यांच्या आवाजात खरंच माया होती. त्यामुळे जास्तच झोंबलं.

"थांबा," मी म्हणाले. "नाटक मी सांगते."

"तोंडी?"

"तोंडी! पूर्वी लोक कीर्तनं ऐकत होते की नाही?"

आणि मी टीव्ही बंद करून त्याच्यापुढे उभी राहिले. इथे एक अडचण होती. नाटक मी पाहिलेलं नव्हतं. माझं भांडवल एक खुर्ची आणि एक बाप.

"तर," मी सुरुवात केली, "एक बाप असतो. तो खुर्चीत बसलेला असतो."

सगळे ऐकत होते.

"मग त्याचा मुलगा येतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

"का?" एका काकांनी विचारलं.

"ते... सूचित केलेलं आहे."

"बरं, मग?"

"मग बराच वेळ ते बोलत नाहीत."

मुलांमधला एक जण हळूच उठून जिन्याकडे सरकला. दुसरा उठला. वहिनींनी कॅसेट प्लॅस्टिकच्या डब्यातून बाहेर काढली. काहीतरी घडवायला हवं होतं आणि मला एवढंच सुचलं, "आणि मग बाप मरतो!"

जिन्यावरच्या पोराने कठड्यावरून वाकून विचारलं, "सो... गेम ओव्हर?"

मी त्याच्याकडे बघितलं. आणि डोळ्यांपुढे आला माझा चौकोनी माणूस, खेकडा पडून मेलेला आणि टुणकन उभा राहिलेला.

"नाही," मी म्हणाले. "अजून एक जीव आहे."

पोरगं थांबलं. मी श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर एम. ए. बाहेर गेलं.

"कारण बापाला एक थोरली सून असते. देखणी, शहाणी. घराणं मोठं, गावात यांचा साखर कारखाना, यांचंच हॉस्पिटल. ही सून एकदा नदीतून नावेने पलीकडे जात असताना वादळ येतं, नाव उलटते, आणि ती वाहून जाते. सगळे म्हणतात गेली बिचारी. वर्ष होत नाही तोच नवरा दुसरी करून आणतो. आणि ही दुसरी, म्हणजे हिची सवत..."

मी 'सवत' म्हटलं मात्र, खोलीतल्या बायका चादरीसकट पुढे सरकल्या. मालिकेतल्या त्या बाईला इंग्रजीत हा शब्दच नव्हता, बिचारीला नावाने हाका मारायचे. मराठीत आल्याबरोबर तिचा दर्जा वाढला. कपाटाच्या किल्ल्या तिने कंबरेला लावल्या. धाकट्या दिराला आपल्या बाजूला वळवलं. बापाच्या दुधात रोज गुंगीची पूड घातली. जिन्यावरची मुलं एकेक पायरी खाली यायला लागली. हे दाराला टेकून उभे होते, त्यांच्या तोंडाचा आ झाला होता.

"आणि एक दिवस," मी आवाज खाली आणला, "हॉस्पिटलात एक नवी नर्स येते. कुणी ओळखत नाही तिला. तिची तिलाच ओळख नाही. ती हात धुवायला बाही वर करते. दारात सासू उभी असते. आणि नर्सच्या उजव्या मनगटावर सासूला दिसतो, तोच व्रण!"

"उजव्या नाही हो, डाव्या!" वहिनी ओरडल्या.

सगळ्या माना वहिनींकडे वळल्या.

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. अध्यक्ष वहिनी, ज्यांच्या घरी दुपारी एक ते दोन फोन केला तर कुणी उचलत नसे. आम्हांला वाटायचं पूजा करतात.

"तुम्हांला कसं माहीत?" त्यांच्या यजमानांनी विचारलं.

मला त्या क्षणी काहीही करता आलं असतं. मीही उघडी पडले असते म्हणा. पण खरं सांगू? त्या क्षणी मला त्या बाई इतक्या आवडल्या, इतक्या आवडल्या की काय सांगू. सबंध टेक्ससमध्ये त्या व्रणावरून भांडायला मला दुसरं माणूस मिळालं होतं.

"पाहिलेलं दिसतंय वहिनींनी हे नाटक," मी म्हणाले.

"हो तर!" वहिनी सावरून बसल्या. "नागपुरात. दौऱ्यावर आलं होतं ना. डावं मनगट, ताई. आणि चंद्रकोरीसारखा व्रण. पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसला होता मला."

"बरोबर. डावं. पुण्याच्या प्रयोगात नटी डावरी होती, त्यामुळे घोळ झाला माझा."

"होते असं," वहिनी म्हणाल्या, आणि ती हिंदी सिनेमाची कॅसेट त्यांनी डब्यात घातली, डबा पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढून बंद केली. तो करकर आवाज माझ्या कानात अजून आहे. माझे आयुष्यात पुढे दोनचार सत्कार झाले, शाल-नारळही मिळाले, पण त्या चेनच्या आवाजाच्या तोडीचं काही नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. सासूचे संवाद वहिनींनी घेतले. नागपुरी सासू काय वठवली त्यांनी! कप पडायचा प्रसंग त्यांनी माझ्या खऱ्या कपावर केला, तो फुटला, कुणाला पर्वा नव्हती. मधेच आणखी एक काकू, ज्या कधी तोंड उघडत नसत, हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरला संशय आलेला असतो ना पण?" मी आणि वहिनींनी एकमेकींकडे बघून हसू दाबलं. म्हणजे ह्यासुद्धा. खोलीत अशा किती होत्या कोण जाणे. मी डोळे बारीक करून बघत होते, आणि एकेक जण चादरीवरच्या फुलांकडे बघायला लागली.

मुलांनी मात्र काहीच ओळखलं नाही. मालिकेच्या वेळी ती शाळेत असायची. माझी मुलगी कधी जिन्यावरून उतरून पहिल्या रांगेत येऊन बसली ते मला कळलंसुद्धा नाही. नर्स आरशापुढे उभी राहते, काहीतरी आठवायला लागतं, मागे सवत येऊन उभी राहते, तिच्या हातात...

"आणि आता जेवायला चला," मी म्हणाले.

गदारोळ झाला. "नो वे!" "मावशी, दॅट्स नॉट फेअर यार!" "हातात काय असतं?" हेसुद्धा म्हणाले, "अगं, हातात काय असतं तिच्या?" मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात. तीन अंकी आहे." शुक्रवारी ती मालिकाही बरोबर इथेच थांबली होती, सोमवारी काय होणार मला तरी कुठे ठाऊक होतं!

जेवताना ठराव झाला. ठराव कसला, वहिनींनी पुऱ्यांचं ताट हातात घेऊन जाहीरच केलं की सिनेमे ज्याने त्याने आपल्या घरी बघावे, मंडळात नाटक. कुणी हूं की चूं केलं नाही. मग स्वयंपाकघरात पातेली भरताना त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं.

"ताई, सोमवारी हिची आठवण परत येईल का हो?"

"मी टीव्ही बघत नाही, वहिनी."

"मीसुद्धा नाही." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "दोन वाजता फोन करते."

"दोनला पाच कमी असताना करा. शेवटी नुसत्या जाहिराती असतात."

तो फोन पुढे कितीतरी वर्षं येत राहिला. आणि ते नाटकही कितीतरी वर्षं चाललं, दर शेवटच्या शनिवारी, कधी आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे. तिसरा अंक काही संपेना. मालिकावाले कधी कंटाळवाणे झाले तर आम्ही त्यांच्यावर सुधारणा करायचो. एक जुळी बहीण आम्ही त्यांच्या आधी आणली. धाकट्या दिराला त्यांनी तुरुंगात मारला, तो आम्ही मरू दिला नाही, कारण मुलांचा तो लाडका होता. पुढे त्यांनीही त्याला परत आणला. तेव्हा वहिनींचा फोन आला, "पाहिलं ना? आपलं ऐकते की नाही!"

मुलं आता मधेच तोंड घालायला लागली होती. आधी इंग्रजीत. पण नाटकात सासूला इंग्रजी येत नाही, असा वहिनींनी नियमच करून टाकला. तिला काही विचारायचं तर मराठीत विचारा, नाहीतर ती नुसती पदर सावरून बसेल. मग काय करतील? विचारायची बिचारी, अडखळत.

माझ्या जुन्या मतांचं काय झालं म्हणाल, तर ती काही एका रात्रीत गेली नाहीत. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या नायिका मी अजून वाचते. पण आता मला त्यांना विचारावंसं वाटतं, बाई, तू उठून दार का उघडत नाहीस? कुणीतरी परत आलेलं असेल.

आणि एका दुपारची गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी शाळेला अचानक सुट्टी होती, मुलगी घरात. मला त्याचं भानच नव्हतं. एक वाजला, मी टेबल मांडलं, पायपुसणं पसरलं, टीव्ही लावला. पडद्यावर हॉस्पिटल आलं, नर्स आली, तिने बाही वर केली. मागे धप्पकन आवाज झाला. मुलीच्या हातातलं दप्तर पडलं होतं. ती टीव्हीकडे बघत होती. डोळे एवढाले. सवत आली, हातात गाडीच्या किल्ल्या वाजवत. सासू आली. मुलगी एकेकीकडे बोट दाखवत राहिली, तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

मी म्हटलं, संपलं. आता शनिवारी हे सगळ्यांना कळणार.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. रागाने लाल झाली होती. अख्खं वाक्य मराठीत आलं, एकही शब्द न अडखळता.

"आई! या लोकांनी आपलं नाटक चोरलं!"

मी इस्त्री उभी करून ठेवली, तिच्याजवळ जाऊन टीव्हीकडे नीट निरखून बघितलं, आणि सुस्कारा सोडला.

"हो गं," मी म्हणाले. "आणि बघ, व्रण मात्र त्यांनी बरोबर डाव्याच मनगटावर ठेवलाय."